युद्धकाळातल्या इंजिनिअरिंग वाहनांची स्केल मॉडेल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंग वाहनं म्हणजे नक्की कुठली? हे पण रणगाडेच ना?

बऱ्याचदा खालचा सांगाडा रणगाड्याचाच असतो, पण काम वेगळं. साधा रणगाडा लढायला असतो आणि ही वाहनं मागून येणाऱ्यांना वाट करून द्यायला. सुरुंग उडवायचे, खंदक भरायचे, पूल टाकायचा, काँक्रीटची भिंत फोडायची, रुतणाऱ्या जमिनीवर रस्ता अंथरायचा, बंद पडलेला रणगाडा ओढून मागे आणायचा, ही सगळी कामं यांच्याकडे. दुसऱ्या महायुद्धात जवळपास प्रत्येक सैन्याकडे यातलं काही ना काही होतं. जर्मनांकडे पूल टाकणारे ब्रुकेनलेगर आणि बंद रणगाडे ओढून आणणारे बर्गेपँथर होते, सोव्हिएत टी-34 ला पुढे सुरुंग उडवणारे रोलर लावलेले होते, अमेरिकनांकडे डी7 बुलडोझर आणि बंद रणगाडे ओढणारे एम32 होते. पण सगळ्यात जास्त डोकं लढवलं ते ब्रिटिशांनी. मेजर जनरल पर्सी होबार्ट यांच्या 79व्या आर्मर्ड डिव्हिजनमध्ये अशी वाहनं एकत्र आणली गेली आणि 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ती पहिल्या लाटांमध्येच उतरली.

यामागे दिएपचा धडा होता. 19 ऑगस्ट 1942 ला फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या दिएपवर हल्ला झाला तेव्हा ब्रिटिश बनावटीचे चर्चिल रणगाडे गोट्यांच्या किनाऱ्यावर अडकले, आणि अडथळे उडवायला स्फोटकं घेऊन जाणारे इंजिनिअर उघड्यावर असल्यामुळे तिथपर्यंत पोचायच्या आधीच मारले गेले. मग कॅनडाच्या इंजिनिअर दलातल्या लेफ्टनंट डेनोवनने कल्पना मांडली की इंजिनिअरांना चिलखताच्या आत बसवूनच भिंतीपर्यंत न्या. त्यातून चर्चिल एव्हीआरई, म्हणजे इंजिनिअरांना आत घेऊन जाणारा चर्चिल, तयार झाला. हे सगळं मी मुद्दाम सुरुवातीला सांगतोय, कारण या वाहनावरचा प्रत्येक विचित्र भाग कुठल्या तरी अडचणीवरचा उपाय आहे आणि तो भाग काय काम करायचा हे कळलं की मॉडेल करताना निम्म्या चुका आपोआप टळतात.

अगदी पहिलं मॉडेल कुठलं घ्यावं?

जर्मन गोलियाथ घ्या. वायरने चालवायचं छोटं ट्रॅकवालं वाहन, पोटात स्फोटकं भरून लक्ष्यापर्यंत पाठवायचे आणि तिथेच उडवायचे. खरं वाहन जेमतेम दीड मीटर लांब, म्हणजे 1/35 स्केलमध्ये (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं) साधारण 43 मिलिमीटर. भाग कमी, रंग सोपा, आणि मागे वायरची गुंडाळी केली की लगेच जिवंत दिसतं. बॅटरीवरचं आधीचं रूप 60 किलो स्फोटकं न्यायचं, नंतरची पेट्रोल इंजिनवाली 75 आणि 100 किलोपर्यंत न्यायची, बॉडीचा आकार पण वेगळा आहे, तेव्हा किटच्या डब्यावर कुठलं लिहिलंय ते बघून मगच फोटो शोधा.

थोडा हात बसलेला असेल तर बुलडोझर. मिनीआर्टचा चिलखती डी7 मिळतो, भाग भरपूर आणि बारीक आहेत पण बांधताना खूप शिकायला मिळतं. पहिल्याच झटक्यात पूल घेऊन जाणाऱ्या चर्चिलला हात घालू नका, मधेच कंटाळून डबा कपाटात जातो.

स्केल कुठलं घ्यायचं, 1/35 का 1/72?

आधी टेप घेऊन शेल्फ मोजा, खरंच. चर्चिल 7.44 मीटर लांब, म्हणजे 1/35 मध्ये 21 सेंटिमीटर. त्याच्या पुढे जो एसबीजी पूल असायचा तो 30 फुटांचा, म्हणजे आणखी 26 सेंटिमीटर, आणि तो तिरका वर उचललेला असतो त्यामुळे उंची पण तेवढीच लागते. हेच 1/72 मध्ये रणगाडा 10 सेंटिमीटर आणि पूल पावणेतेरा.

पण लहान स्केलला बारकाव्याचा प्रश्न येतो. खऱ्या वाहनावरचा 25 मिलिमीटरचा बोल्ट 1/35 मध्ये 0.7 मिलिमीटर होतो, तो कापून चिकटवता येतो. 1/72 मध्ये तोच 0.35, तिथे रंगाचा थर जाड झाला तरी बोल्ट गायब होतो. माझं मत विचाराल तर एकटं वाहन करायचं असेल तर 1/35, आणि अख्खा किनारा, चार-पाच वाहनं, माणसं असं दृश्य करायचं असेल तर 1/72.

किट तयार मिळतं का सगळं स्वतःच बनवावं लागतं?

दोन्ही. एएफव्ही क्लब या कंपनीची चर्चिलची मालिका चांगली आहे आणि त्यात एव्हीआरई पण आहे. बर्गेपँथर टाकॉमचा मिळतो, बेली ब्रिज ब्रॉन्कोचा, एम26 ट्रॅक्टर आणि ट्रेलरची जोडी म्हणजे ड्रॅगन वॅगन टामियाची, ती तर रणगाडे ओढणाऱ्या वाहनांच्या मॉडेलांमध्ये आजही बघण्यासारखी आहे. बाकी वाहनांसाठी साधं किट घ्यायचं आणि वर रेझिनचा किंवा थ्रीडी प्रिंटचा कन्व्हर्जन सेट, म्हणजे साध्या किटचं दुसरं वाहन करणारे जास्तीचे भाग. आणि तोही नसेल तर प्लास्टिक शीट, पितळी तार, कागद, धागा. पुलाचे गर्डर, रिळाचे हात, मोळीची चौकट या गोष्टी सरळ पट्ट्यांच्याच असतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

रेझिन घासताना मात्र मास्क लावाच आणि पाण्यात घासा. ती धूळ फुप्फुसात जाते.

चर्चिल एव्हीआरई करताना लोक कुठे चुकतात?

सगळ्यात जास्त चूक चाकांमध्ये होते. चर्चिलला एका बाजूला 11 चाकं असतात, पण सपाट जमिनीवर पहिलं आणि शेवटचं चाक वजन घेत नाही, ती किंचित वर असतात, चढ-उतारावरच टेकतात. आपण किट बांधताना सगळी चाकं पट्टी लावून एका रेषेत आणतो आणि ट्रॅक पूर्ण सपाट बसवतो, मग वाहन खेळण्यासारखं दिसतं. पहिलं चाक जमिनीवर टेकवायचं असेल तर त्याखाली तसा चढ दाखवा.

दुसरी चूक पेटार्डमध्ये. पेटार्ड म्हणजे टरेटवर (रणगाड्याच्या वरच्या फिरत्या घुमटावर) मूळ तोफेच्या जागी बसवलेली 290 मिलिमीटरची आखूड, जाड नळी. 18 किलोचा बॉम्ब फेकायची आणि पल्ला जेमतेम 80 यार्ड, म्हणजे भिंतीच्या पार नाकासमोर जाऊन मारायचं. सैनिक त्या बॉम्बला उडती कचरापेटी म्हणायचे, आणि बॉम्ब बघितला की नाव का पडलं ते कळतं. गंमत अशी की ही नळी टरेटच्या आतून भरता येत नाही. ती बिजागरीवर मोडून तोंड वर करायची, टरेट थोडा फिरवून नळी पुढच्या झाकणावर आणायची, आणि चालकाच्या शेजारी बसणारा गडी ते झाकण सरकवून खालून बॉम्ब वर ढकलायचा. म्हणून एव्हीआरईला तिथे वेगळं, सरकणारं झाकण आहे. साध्या चर्चिलचं झाकण तसंच ठेवून वर पेटार्ड चिकटवलं तर तो भरणार कुठून?

मला स्वतःला भरतानाची स्थिती फार आवडते. नळी वर, झाकण अर्धं उघडं, त्यातून दोन हात आणि बॉम्बचं टोक. तेवढ्या एका जागेवरून बघणाऱ्याला सगळं यंत्र कळतं. हातांसाठी दुसऱ्या एखाद्या आकृतीचे हात कोपरापासून कापून वापरा, बोटांची पकड मात्र बॉम्बच्या जाडीला जुळवून घ्या.

तिसरी गोष्ट, 6 जूनच्या सकाळचं वाहन करत असाल तर पाण्यातून येण्यासाठी लावलेले उंच धुराडे आणि हवा घेण्याचे उभे डबे विसरू नका. बरेच जण किनाऱ्यावरचा रणगाडा करतात, पाणी पण करतात, आणि इंजिन बुडेल याचा विचारच राहून जातो.

काटक्यांची मोळी कशी बनवायची? किटमधली प्लास्टिकची फारच खोटी वाटते.

हा माझा सगळ्यात आवडता भाग, म्हणून जरा सविस्तर. खंदक दिसला की त्यात टाकायला लाकडांची मोठी मोळी रणगाड्याच्या पुढे चौकटीत बांधलेली असायची. व्यास 8 फुटांपर्यंत, म्हणजे 1/35 मध्ये 7 सेंटिमीटर, आणि लांबी रणगाड्याच्या रुंदीएवढी किंवा थोडी जास्त, म्हणजे साडेनऊ-दहा सेंटिमीटर धरा.

पूर्ण मोळी काड्यांनी भरायला गेलात तर हजारो काड्या लागतील आणि वजनाने चौकट मोडेल. म्हणून आत थर्माकोलचा दंडगोल घ्यायचा, व्यास साडेपाच, लांबी सात सेंटिमीटर. त्याला सुपरग्लू लावू नका, थर्माकोल विरघळतो, पांढरा गोंदच वापरा. बाहेरून काड्यांचे दोन-तीन थर लावायचे, आणि दोन्ही टोकांना दीड-दीड सेंटिमीटर आखूड काड्या उभ्या ठासून भरायच्या, म्हणजे समोरून बघताना ती पूर्ण भरीव वाटते. काड्यांसाठी झाडूच्या काड्या, सुकलेल्या मुळ्या, बारीक फांद्या काहीही चालतं, फक्त जाडी एक मिलिमीटरच्या आसपास पाहिजे आणि दहातली एखादी थोडी जाड. टोकं एका रेषेत कापू नका. खरी मोळी बांधताना कोणी टोकं मोजत बसत नव्हतं, एखादी काडी चार मिलिमीटर बाहेर, एखादी आत, असंच राहू द्या.

आता बांधणं. मऊ तांब्याची तार घ्या, तीन ठिकाणी वेढा द्या आणि पक्कडीने पीळ देत आवळा, इतकी की तार काड्यांमध्ये रुतली पाहिजे आणि तारेच्या दोन्ही बाजूंना मोळी जराशी फुगली पाहिजे. मोळी खरी वाटते ती या फुगवट्यामुळे. नुसता धागा वरून गुंडाळून चिकटवला की तो फुगवटा येत नाही आणि डोळ्याला लगेच कळतं.

रंग देताना अख्खी मोळी तपकिरी करू नका. खऱ्या काड्यांना मूळचाच रंग असतो, वर करड्या रंगाचा अगदी पातळ हात आणि कापलेल्या टोकांवर फिकट पिवळसर ठिपका, बास. आणि एक लक्षात घ्या, एवढी मोळी पुढे असली की चालकाला समोरचं दिसत नाही, म्हणून कमांडर वरून बघून दिशा सांगायचा. टरेटमधून डोकं वर काढून मोळीच्या पलीकडे बघणारी आकृती ठेवली की सगळं जुळतं.

शर्मन क्रॅबच्या साखळ्या नीट लोंबत नाहीत, काय करू?

क्रॅब म्हणजे सुरुंग उडवणारा शर्मन रणगाडा. त्याच्या पुढे फिरणारा रूळ असतो आणि त्याला 43 साखळ्या. रूळ मिनिटाला 142 फेरे घ्यायचा, साखळ्या जमीन झोडपायच्या, सुरुंग पुढेच फुटायचे. प्लास्टिकच्या साखळ्या टाकून द्या आणि दागिन्यांसाठी मिळते ती बारीक पितळी साखळी घ्या, कडी दीड-दोन मिलिमीटरची.

आता इथे मी केलेली चूक सांगतो म्हणजे तुमची वाचेल. पहिल्या क्रॅबला मी सगळ्या साखळ्या आधी लावल्या, आठवडा गेला त्यात, आणि मग एअरब्रश फिरवला. रंग कड्यांमध्ये शिरला, वाळला, आणि 43 च्या 43 साखळ्या काडीसारख्या ताठ झाल्या, काही तर वाकड्याच अडकल्या. सगळ्या कापून परत लावाव्या लागल्या. तेव्हापासून मी साखळीला रंग देतच नाही. आधी ॲसिटोनमध्ये बुडवून तेलकटपणा काढायचा, मग पितळ काळं करायच्या द्रावणात दोन-तीन मिनिटं, मग पाण्यात धुऊन कोरडी करायची. साखळी काळी होते आणि लवचिक राहते, स्वतःच्या वजनाने पडते. सगळं रंगकाम संपल्यावर शेवटी एकेक लावायची, आणि शेवटच्या कड्या बोटाने जमिनीवर पसरवायच्या.

आणखी दोन गोष्टी. झोडपणं चालू असताना टरेट मागे फिरवलेला असायचा, तोफेला धक्का लागू नये म्हणून, तेव्हा काम करतानाचा क्रॅब दाखवत असाल तर तोफ पुढे ठेवू नका. आणि त्या वेळी वेग होता ताशी 2 किलोमीटर, माणूस चालतो त्याच्याही निम्मा, म्हणजे मागे धुळीचा लोट उडवत धावणारं दृश्य करू नका. धूळ आणि माती उडते ती पुढे, रुळाच्या भोवती, आणि तिचा थर बसतो समोरच्या चिलखतावर. रुळाच्या दोन्ही टोकांना काटेरी तार कापायची पाती आहेत, त्यात तुटक्या तारेचा एखादा तुकडा अडकवा, फार छान दिसतो.

बॉबिनची ती कापडाची गुंडाळी कशाची करायची?

बॉबिन म्हणजे पुढच्या रिळावरून रुतणाऱ्या जमिनीवर कापडाचा रस्ता अंथरणारा चर्चिल. गुंडाळीसाठी पातळ सुती कापड किंवा गॉज, पांढऱ्या गोंदाच्या पाण्यात भिजवून. रुंदी 10 फूट, म्हणजे 1/35 मध्ये 87 मिलिमीटर. त्यात आडवे खांब असतात, ते ठरावीक अंतरावर बारीक पितळी तारेचे घाला. रीळ गुंडाळताना कापड ओलं असू द्या. जमिनीवर अंथरलेला भाग चिखलात दबलेला दाखवा, रणगाडा त्यावरूनच जातो.

पुढे पूल लावला की मॉडेल नाकावर पडतं.

रेझिनचा पूल असेल तर हमखास पडतं. खालचा सांगाडा बंद करायच्या आधीच मागच्या भागात इंजिनच्या जागी शिशाचे किंवा लोखंडाचे तुकडे पक्के चिकटवा, आणि पूल तात्पुरता टेपने लावून तोल बघा, मगच वरचा भाग बसवा. पूल वर धरणारी तार पण खरोखर ताणलेली पाहिजे. धागा वापरू नका, त्याला लव असते. बारीक तांब्याच्या दोन-तीन तारा एकत्र पिळा, ड्रिलमध्ये एक टोक धरून हळू फिरवलं की सुंदर दोर तयार होतो. 20 मिलिमीटरचा खरा दोर 1/35 मध्ये अर्ध्या मिलिमीटरपेक्षा किंचित जाड. ढिली तार आणि वर उचललेला पूल एकत्र दिसले की सगळी मेहनत वाया जाते.

रंग कुठला? हिरवा का तपकिरी?

ब्रिटिश वाहनांसाठी तारीख बघा. आधी एससीसी 2 नावाचा तपकिरी रंग होता, 1944 च्या वसंतात एससीसी 15 म्हणजे ऑलिव्ह ड्रॅब आला. नॉर्मंडीतलं वाहन ऑलिव्ह धरलं तर बहुतेक बरोबर, पण आधी तयार झालेली वाहनं तपकिरी पण असू शकतात. जर्मन वाहन फेब्रुवारी 1943 नंतरचं असेल तर मूळ रंग गडद पिवळा, त्याआधीचा करडा. 1940 मधला पूल टाकणारा पँझर 4 पिवळा रंगवलेला मी कितीतरी वेळा बघितलाय, तो चूकच.

79व्या डिव्हिजनची खूण म्हणजे उलट्या पिवळ्या त्रिकोणात बैलाचं डोकं. डिकल, म्हणजे अशा खुणांचे पाण्याने लावायचे स्टिकर, लावायच्या आधी खाली ग्लॉस वार्निश मारा, नाहीतर कडेला चंदेरी हवा दिसते.

गंज आणि झीज किती दाखवायची?

कमी. जून 1944 मधली वाहनं बरीचशी काही महिन्यांपूर्वीच तयार केलेली होती, ती भंगारातली नाहीत. झीज तिथेच दाखवा जिथे काम होतं. बुलडोझरच्या पात्याची खालची कड मातीने घासून चकचकीत, मधला भाग ओरखड्यांचा, वरच्या कडेला रंग शाबूत, मागच्या बाजूला वाळलेला चिखल. एकाच पात्यावर चार वेगवेगळे पोत. क्रू चढतो त्या जागा, झाकणांच्या कडा, अवजारं काढायच्या जागा घासलेल्या. बाकी ठिकाणी नुसती धूळ आणि पाण्याचे ओघळ. खारं पाणी लागलेले ट्रॅक मात्र एका रात्रीत नारिंगी होतात, तिथे हात मोकळा सोडा.

बेससाठी खरी वाळू वापरली तर?

नको. हिशोब करा, अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण 1/35 मध्ये साडेसतरा मिलिमीटरचा खडा होतो. म्हणजे तुमचा वाळूचा किनारा खडीचा होतो. फरशीच्या सांध्यात भरायची बारीक पावडर घ्या, गोंदाच्या पाण्यावर चाळणीने पसरा. ओली वाळू कोरडीपेक्षा बरीच गडद असते आणि दोन्हींच्या मधली रेघ सरळ नसते. खरी वाळू दिएपचे गोटे करायला मात्र उत्तम.

फोटोएच लागतंच का?

नाही. फोटोएच म्हणजे रसायनाने कोरलेले पातळ धातूचे भाग. जाळ्या आणि मडगार्डसाठी घ्या, ते खरोखर पातळ पत्र्यासारखे दिसतात आणि वाकवता येतात. बाकी पट्टीवरचे तीनशे तुकडे सगळे लावलेच पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही.

संग्रहालयातल्या वाहनाचे फोटो बघून केलं तर चालेल ना?

आकार, वेल्ड, बोल्ट यासाठी उत्तम. बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये एव्हीआरई आणि क्रॅब दोन्ही आहेत. पण रंगासाठी नाही, ती वाहनं अनेकदा परत रंगवलेली असतात आणि हरवलेले भाग दुसरीकडून आणून लावलेले असतात. तारखेसाठी युद्धकाळातलेच काळे-पांढरे फोटो बघा, आणि एकाच वाहनाचे दोन-तीन कोन मिळाले तर तेच वाहन करा.

नॉर्मंडीतल्या ग्रे-सुर-मेरला उभा असलेला एव्हीआरई बघाल तर थोडं थांबून बघा. त्याचं नाव वन चार्ली. 6 जूनच्या सकाळी तो जुनो किनाऱ्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेला आणि बुडाला. क्रू बाहेर पडला, पण त्यातले काहीजण थोड्याच वेळात उखळी तोफेच्या माऱ्यात मारले गेले. आणि तो बुडालेला रणगाडाच मग पुलाचा आधार झाला, त्याच्यावरून मागची वाहनं पुढे गेली. 1976 मध्ये तो जमिनीतून बाहेर काढला. मी त्याचं मॉडेल केलं तेव्हा फक्त टरेटचा वरचा भाग पाण्याबाहेर ठेवला आणि वर पूल. दोन महिने बांधलेला बहुतेक रणगाडा त्या रेझिनच्या पाण्याखाली गेला, पण करायचं तर तसंच.

पुढे एवढा लांब पूल किंवा रूळ असलेलं मॉडेल नेताना मोडतं, उपाय?

पूल कधीच कायमचा चिकटवू नका. बिजागरीच्या जागी एक मिलिमीटरची पितळी पिन घाला, दुसऱ्या बाजूला नळी, म्हणजे पूल उपसून वेगळा डब्यात ठेवता येतो. दोरासाठी टोकाला छोटा हुक करा. क्रॅबचा रूळ काढता येत नसेल तर साखळ्यांखाली मऊ फोमचा तुकडा सरकवा आणि वरून पातळ कागद गुंडाळा, टेप साखळीला लागू देऊ नका. आणि वाहन बेसला खालून स्क्रूने बसवा, गोंदाने नाही, म्हणजे पुढे कधी एखादी साखळी तुटलीच तर उचलून दुरुस्त करता येतं.